तबकडी वाजण्यापूर्वीचा सूर

बेळगावातील टिळकवाडीत राहणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची कल्पना करावी. वडिलांनी हौसेने जमविलेल्या शंभर-सव्वाशे ध्वनिमुद्रिका त्यांच्या वाट्यास आल्या आहेत. काही जुन्या लाखेच्या, तर काही पुढील काळातील मोठ्या, दीर्घकाळ वाजणाऱ्या. वडिलांचा जुना संच कधीच मोडीत गेला, म्हणून या तबकड्या पुष्कळ वर्षे पेटीतच पडून होत्या. आता मुलाने पुण्याहून एक टर्नटेबल आणि त्याजोगा अॅम्प्लिफायर आणून दिला आहे. रविवारी सकाळी सारी जुळवाजुळव झाली, घरची मंडळी भोवती बसली, गुरुजींनी बटण दाबले; आणि सुई तबकडीला टेकण्यापूर्वीच स्पीकरमधून एक सूर सुरू झाला. मंद, सलग, कोठेही श्वास न घेणारा. आवाज वाढवावा तसा तोही वाढे. तबकडी फिरू लागली, तंबोरे छेडले गेले, आणि गुरुजींच्या ध्यानात आले की, त्या तंबोऱ्यांच्या जोडीला आणखी एक तंबोरा येऊन बसला आहे आणि तो सुरात लावलेला नाही.

हा अनाहूत तंबोरा पुष्कळ घरांत वाजतो. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतून त्यास ‘हमिंग’ म्हणतात. लोक त्याला कंटाळून नवी तार आणतात, नवी सुई आणतात, प्रसंगी सबंध अॅम्प्लिफायर बदलतात. आणि पुष्कळदा नव्या यंत्रातूनही तोच सूर पुन्हा ऐकतात. याचे कारण असे की, हा बिघाड बहुधा कोणत्याही एका यंत्रात नसतो. तो यंत्रे एकमेकांस जोडण्याच्या रीतीत असतो. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी कानाचा उपयोग करावा, हे बरे.

आपल्या देशात घरोघरी येणारा विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तने पुरी करतो. जेथे जेथे हा प्रवाह खेळतो, तेथे तेथे त्याचे विद्युत्क्षेत्र आणि चुंबकक्षेत्र भोवती पसरलेले असते. ग्रामोफोनच्या नाजूक तारांत त्याचा अंश शिरला की, पन्नास आंदोलनांचा सूर उमटतो. त्याच्या जोडीला बहुधा त्याचा वरचा षड्ज, म्हणजे शंभर आंदोलनांचा सूरही असतो, आणि लहान स्पीकरांना खालचा सूर नीट काढता येत नसल्यामुळे कानाला हा वरचाच अधिक जाणवतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगावयाचे, तर शंभर आंदोलने म्हणजे मंद्र सप्तकातील पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत पडणारा सूर. आता पुरुष गायकाची नेहमीची पट्टी काळी एक धरली, तर त्याच्या तंबोऱ्याची पंचमाची तार काळी चारला, म्हणजे सेकंदास सुमारे १०४ आंदोलनांवर लागते. शंभराचा सूर या पंचमाच्या अगदी शेजारी, परंतु त्याहून उतरलेला. दोन्ही एकत्र वाजू लागले म्हणजे सेकंदास सुमारे चार या गतीने आवाज लहरू लागतो आणि उत्तम लावलेला तंबोरा बेसूर भासतो. इंग्रजी बँड ऐकणाऱ्यास हमिंग ही केवळ कटकट वाटत असेल. ख्याल ऐकणाऱ्याच्या मात्र ते गाण्याच्या पायावरच घाव घालते. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी यांची ध्वनिमुद्रिका ज्यांनी शांत खोलीत ऐकली असेल, त्यांना मंद्रातील संथ आलापीच्या खाली असा दुसरा सूर चालू राहण्याचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको.

गुरुजींच्या घरात एक तक्रार हटकून निघते: “अप्पांच्या वेळी असे काही नव्हते.” ही तक्रार खरी आहे. त्या काळच्या घरगुती संचांत बहुधा क्रिस्टलचा पिकअप असे. तो दाबाने वीज उत्पन्न करी आणि त्याचा प्रवाह चांगला जोरकस, व्होल्टचा काही दशांश भाग इतका असे. हल्लीचा चुंबकीय कार्ट्रिज तबकडीवर कितीतरी हलक्या पायाने चालतो, बारकावे अधिक टिपतो. पण त्याच्यातून निघणारा विद्युत्संकेत अवघा तीन ते पाच मिलिव्होल्टांचा. त्याला ऐकण्याजोगा करावयाचा, तर प्रथम सुमारे शंभरपट वाढवावे लागते. शिवाय आणखी एक भानगड आहे. खर्जाचे सूर तबकडीत पूर्ण जोराने कोरले, तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की, बाजूच्या खाचेत शिरेल. म्हणून मुद्रण करताना खर्ज दाबून कोरतात आणि वाजविताना तेवढाच उचलून घेतात. या दाबण्या-उचलण्याचे जे प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरविले, तेच पुढे जगभर रूढ झाले. त्या हिशेबाने पन्नास आंदोलनांचा सूर मध्यभागीच्या, हजार आंदोलनांच्या सुराहून सुमारे सातपट अधिक वाढविला जातो. शंभर गुणिले सात! म्हणजे विजेच्या तारेतून चोरपावलाने आलेला कणभर सूर सातशेपट होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. रेडिओच्या वा मोबाइलच्या जोडणीला या वाटेने जावेच लागत नाही. तोच अॅम्प्लिफायर रेडिओवर शांत आणि ग्रामोफोनवर घुमणारा, याचे इंगित हे आहे.

नको असलेला प्रत्येक आवाज हमिंग नव्हे. सलग, गोलसर, घुमटात घुमावे तसा जो सूर, ते हमिंग. माशीने कानाशी करावी तशी तीक्ष्ण, खरखरीत भुणभुण ही निराळी. ती बहुधा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची, एखाद्या हलक्या एलईडी दिव्याची किंवा मोबाइल चार्जरची असते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संच लावला आणि भुणभुण सुरू झाली, तर दोष इन्व्हर्टरचा मानावा. साध्या, स्वस्त इन्व्हर्टरची लाट गोलाकार नसून पायऱ्या-पायऱ्यांची असते. पंखा, दिवे, चार्जर एकेक बंद करीत गेले की, चोर आपोआप सापडतो. तिसरी ती घरघर. ती सुई तबकडीवर असतानाच ऐकू येते आणि सुई उचलताच थांबते. तिचे मूळ विजेत नसून यंत्राच्या हालचालीत असते. मोटारीची थरथर, कोरडा पडलेला मधला खुंटा, अथवा वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिल्यामुळे चपटे पडलेले रबरी चाक. तिच्यावर तेलाचे दोन थेंब आणि चाकाची बदली, एवढाच उपचार.

आता हमिंगचा माग. गढूळ पाणी कोठून येते हे पाहण्यास प्रवाहाच्या उलट चालावे लागते. येथेही स्पीकरकडून सुईकडे जावे. अॅम्प्लिफायरचा निवडखटका ग्रामोफोनवरून रेडिओवर फिरवावा. सूर तसाच राहिला, तर टर्नटेबल निर्दोष. अपराधी अॅम्प्लिफायर किंवा त्याचा वीजपुरवठा. सूर थांबला, तर तो अलीकडे कोठेतरी आहे. मग आवाज पूर्ण खाली आणून, अॅम्प्लिफायर बंद करून, टर्नटेबलच्या दोन्ही तारा मागून काढाव्यात. हे बंद करणे विसरू नये. चालू यंत्रातून तार उपसली, तर जो ठोका बसतो तो स्पीकरचा पडदा फाडण्यास पुरेसा असतो. तारा काढल्यावर नुसती उघडी तोंडे ठेवून ऐकणे मात्र फसवे आहे. उघडे तोंड स्वतःच हवेतील सारे काही गोळा करते. त्या तोंडांत दोन्ही टोके आतून जोडलेले प्लग बसवून ऐकावे. असे प्लग कोणताही रेडिओ-कारागीर पाच मिनिटांत करून देतो. आता शांतता असेल, तर रोग टर्नटेबलमध्ये वा तिच्या तारांत आहे, हे नक्की झाले.

गुरुजींनी हे सारे केले आणि रोग टर्नटेबलकडेच निघाला. मग त्यांनी टोनआर्मच्या धातूच्या दांडीस बोट लावले. सूर झटकन अर्ध्यावर आला. बोट उचलले, पुन्हा चढला. हे लक्षण ओळखीचे आहे. माणसाचे शरीर त्या दांडीला जमिनीशी अर्धामुर्धा संबंध जोडून देत होते. म्हणजे तिचा खरा संबंध तुटलेला होता. टर्नटेबलच्या मागून दोन ध्वनितारांखेरीज एक बारीक, बहुधा हिरवी अथवा काळी, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली तार निघते. ती अॅम्प्लिफायरच्या मागील ‘ग्राउंड’ अशी अक्षरे असलेल्या स्क्रूखाली आवळावयाची असते. गुरुजींच्या मुलाने ती अनावश्यक समजून गुंडाळून ठेवली होती! ती आवळताच सूर जवळजवळ नाहीसा झाला. घरोघरीच्या तक्रारींत हा एक अपराध फार मोठा वाटा उचलतो. टर्नटेबलमध्येच प्री-अॅम्प्लिफायर बसविलेला असेल, तर ही तार पुष्कळदा नसते. तेव्हा ती हरवली म्हणून शोधत बसू नये.

कोकणात आणि गोव्यात या तपासणीला एक पुरवणी जोडावी लागते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यास जसा कळंक चढतो, तसा दमट हवेत तारांच्या टोकांवर, प्लगांवर आणि कार्ट्रिजच्या मागील चार इवल्या क्लिपांवर चढतो. बाहेरून तार शाबूत दिसते, आतून संबंध तुटलेला असतो. एकाच बाजूचा स्पीकर घुमत असेल, तर प्रथम इकडे पाहावे. डाव्या-उजव्या तारांची अॅम्प्लिफायरकडील अदलाबदल करावी. घुमणे बाजू बदलून दुसऱ्या स्पीकरमध्ये गेले, तर दोष तारेत वा कार्ट्रिजमध्ये. तेथेच राहिले, तर अॅम्प्लिफायरमध्ये. कार्ट्रिजच्या चार तारांत पांढरी व निळी डाव्या बाजूच्या, तांबडी व हिरवी उजव्या बाजूच्या, हा संकेत बहुतेक सर्वत्र पाळला जातो. एखादी क्लिप सैल असेल, तर बारीक चिमट्याने हलकेच आवळावी. तीही कार्ट्रिजवरून काढून घेतल्यावर.

येथपर्यंत कोणाच्या जिवास धोका नाही. पुढची गोष्ट मात्र तशी नाही. जेथे हमिंग आहे, तेथे एखादा जाणकार शेजारीही असतो, आणि त्याचा सल्ला ठरलेला असतो: “अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका, आवाज बंद!” दुर्दैवाने तो पुष्कळदा खरोखर बंद होतो, आणि म्हणूनच हा सल्ला अधिक घातक आहे. प्लगची ती पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब केलेली असते ती उगीच नव्हे. प्लग खोचताना सर्वांआधी तिचा संबंध यावा आणि उपसताना सर्वांच्या शेवटी सुटावा, अशी ती योजना आहे. यंत्राच्या आत एखादी तार सुटून धातूच्या पेटीस लागली, तर तो प्रवाह या पिनेच्या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ती वाट तोडली, तर पेटी, तिला जोडलेला टर्नटेबल आणि त्यावरील टोनआर्म हे सारे २३० व्होल्टांवर येऊन निमूट बसतात आणि पुढच्या हाताची वाट पाहतात. तो हात गुरुजींचा असेल, किंवा तबकडी बदलण्याची हौस असलेल्या नातीचा.

मग पिन न काढता उपाय काय? प्रथम तो सूर का येतो, ते पाहावे. टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, टीव्ही आणि छतावरून आलेली डिशची तार यांपैकी दोन यंत्रे दोन निराळ्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असली आणि ध्वनितारेच्या वेष्टणाने एकमेकांसही जोडलेली असली, तर एक बंद कडे तयार होते. दोन ठिकाणच्या जमिनींच्या दाबात किंचित फरक असतोच. त्या फरकाने कड्यातून प्रवाह फिरू लागतो आणि ध्वनितारेत आपला सूर सोडतो. अॅम्प्लिफायरला जोडलेली टीव्हीची वा डिशची तार क्षणभर काढून पाहावी. सूर थांबला, तर कडे सापडले. त्या तारेत बसविण्याजोगा, संबंध तोडून संकेत मात्र पुढे नेणारा लहानसा ट्रान्स्फॉर्मर मिळतो, तो बसवावा. तसे नसेल, तर सर्व यंत्रांचे प्लग एकाच बोर्डावर, शेजारीशेजारी आणावेत. कडे लहान झाले की, सूरही लहान होतो. एखाद्या यंत्राचा प्लग मुळातच दोन पिनांचा असेल, तर तो उलटा फिरवून लावून पाहण्यास हरकत नाही. कधीकधी तेवढ्यानेही फरक पडतो.

याउलट, कित्येक जुन्या वाड्यांत बोर्डावरील तिसरे छिद्र केवळ शोभेचे असते. त्यामागे तारच नसते. असलीच, तर ती ज्या खड्ड्यात जाते तो कोणी पाहिलेला नसतो. अर्थिंगचा खड्डा पूर्वी मीठ आणि कोळसा घालून केला जात असे. त्याचे काम चालते ते मातीतील ओलीवर. वैशाखात तो कोरडा पडला की, मातीचा अडथळा वाढतो आणि जमिनीशी जोडलेले यंत्र नावापुरतेच जोडलेले राहते. पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात आणि पावसाळ्यात गप्प असलेला ग्रामोफोन उन्हाळ्यात घुमू लागतो. अशा वेळी खड्ड्यात पाणी घालावे हा जुना उपाय खोटा नाही. परंतु झिणझिण्या एकदा जरी आल्या, तरी ग्रामोफोनचा विचार बाजूस ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि त्याच्याकडून अर्थिंग यंत्राने मोजून घ्यावे. टोनआर्मला बोट लावून पाहण्याची वर सांगितलेली परीक्षाही झिणझिण्या येणाऱ्या घरात करावयाची नाही.

जुन्या, काचेच्या दिव्यांच्या अॅम्प्लिफायरांबद्दल थोडक्यात. निवडखटका कोठेही फिरवला तरी सूर तसाच राहतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढत आला आहे, अशी लक्षणे असतील, तर आतील मोठे कंडेन्सर सुकले असे समजावे. प्रवाहातील चढउतार गिळून टाकणे हे त्यांचे काम. सुकले की, गिळणे थांबते. ते बदलणे सोपे आहे, परंतु घरी नव्हे. प्लग काढून ठेवल्यावरही त्यांत काहीशे व्होल्टांचा साठा पुष्कळ वेळ दबा धरून असतो.

गुरुजींचा प्रश्न मात्र अजून संपला नव्हता. हिरवी तार आवळल्यावरही बारीकसा सूर उरला होता, आणि तो चमत्कारिक रीतीने वागत होता. तबकडीच्या कडेशी जवळजवळ नाही. गाणे मध्याकडे सरकू लागले की, स्पष्ट. त्यांनी टर्नटेबलची मोटार बंद करून, सुई न टेकवता, टोनआर्म हाताने कडेकडून मध्याकडे नेला. सूर तसाच चढत गेला. मोटार बंद असूनही चढला, तेव्हा ती निर्दोष ठरली. मग त्यांनी खाली वाकून पाहिले. जागा वाचावी म्हणून अॅम्प्लिफायर टर्नटेबलच्या बरोबर खालच्या फळीवर ठेवलेला होता, आणि त्याचा ट्रान्स्फॉर्मर नेमका तबकडीच्या मध्याखाली येत होता. कार्ट्रिज म्हणजे चुंबक आणि वेटोळे. ट्रान्स्फॉर्मर हेही वेटोळेच. दोघे जवळ आले की, एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. मधली लाकडी फळी या संभाषणाला काडीचाही अडथळा करीत नाही. उपाय अंतराचा. हे क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने क्षीण होते. दोन हात दूर सरकविलेला अॅम्प्लिफायर परगावी गेल्यासारखा असतो. कधी नुसते काटकोनात वळविल्यानेही भागते. ध्वनितारा आणि विजेच्या तारा एका जुडीत बांधण्याची टापटीपही सोडावी लागते; त्या एकमेकींना ओलांडावयाच्याच असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात.

अॅम्प्लिफायर कोपऱ्यातील स्टुलावर गेला. फर्निचरची शोभा गेली, म्हणून घरात थोडी कुरकुर झाली. पण सुई उचललेली असताना आता पूर्ण आवाजातही पंख्याची झुळूक तेवढी ऐकू येऊ लागली. गुरुजी एकामागून एक तबकड्या लावीत सुटले. दहावी-बारावी तबकडी जुन्या मुद्रणांवरून पुढे एकत्र करून काढलेली होती, आणि तिच्यावर तो सूर पुन्हा आला! मंद, सलग, अगदी तोच. गुरुजींनी सुई उचलली; सूर थांबला. टेकविली, आला. घरघर नव्हे, कारण मागच्या तबकडीवर नव्हता. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी टर्नटेबलचा वेग तेहतीस आणि एक तृतीयांशावरून पंचेचाळीसवर नेला. गाणे अर्थातच बालगंधर्वांनाही लाजवील अशा पट्टीत गेले. पण त्याबरोबर तो सूरही षड्जावरून मध्यमाच्या किंचित वर जाऊन बसला. भिंतीतून येणारी वीज टर्नटेबलचा वेग ओळखत नाही, तिचा सूर हलला नसता. हा सूर खाचेतच कोरलेला होता. कोण्या एके काळी, कोठल्याशा मुद्रणगृहात, कोणाची तरी हिरवी तार आवळावयाची राहून गेली होती.

गुरुजींनी वेग पूर्ववत केला आणि सुई पुन्हा पहिल्या खाचेत ठेवली.